विश्लेषण : बिअर घालूनही ब्रेडची वीट का होते?

मोबाइलवर मिनिटभराची रील दिसते. भांड्यात पीठ, त्यावर बिअरचा कॅन रिकामा केला जातो, चमच्याने चार फेरे, मिश्रण थेट ओव्हनमध्ये आणि पुढच्याच दृश्यात टम्म फुगलेला सोनेरी ब्रेड. जिन्नस दोनच. मळणे नाही, पीठ फुगण्याची वाट पाहणे नाही. हाच प्रयोग घरातला मैदा घेऊन केला तर मात्र डब्यातून निघते ती जड, चिकट वीट. असे का होते? आणि बिअर घातलेला ब्रेड घरात सगळ्यांना वाढावा का?

रीलमधले पीठ वेगळे

बिअर ब्रेड हा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांतला घरगुती प्रकार. दक्षिण आफ्रिकेत निखाऱ्यांवर मांस भाजण्याच्या मेजवानीला ‘ब्राय’ म्हणतात, तिथे तो हमखास असतो. या देशांत ‘सेल्फ रेझिंग फ्लोअर’ किराणा दुकानात सहज मिळते. म्हणजे ज्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली आहे असे पीठ. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. रीलमध्ये ‘पीठ’ म्हणतात ते हे. आपल्या मैद्याच्या पाकिटात फक्त मैदा असतो. त्यामुळे कृतीतला मुख्य जिन्नस आपण नकळत गाळतो आणि दोष बिअरच्या ब्रँडला देतो.

बिअरमधले यीस्ट जाते कुठे?

बिअर यीस्टनेच बनते, मग ब्रेड तिच्याने का फुगू नये, ही शंका रास्त आहे. पूर्वी तसे होतही असे. गॉल आणि आयबेरिया प्रांतांतले लोक बिअरवरचा फेस पिठात घालतात आणि त्यांचा ब्रेड इतरांपेक्षा हलका होतो, अशी नोंद पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. पुढे शतकानुशतके युरोपातले बेकर दारू गाळणाऱ्याकडूनच यीस्टचा फेस आणत.

आपल्या शेजारी गोव्यात हेच काम माडाच्या सुरेने केले. पोर्तुगीजांना पाव हवा होता. यीस्ट हाताशी नव्हते, सूर होती. पोदेरांनी पीठ सुरेवर आंबवले. ताजी सूर जिवंत असते, तिच्यातले यीस्ट पिठातली साखर खाऊन वायू सोडत राहते. त्याला काही तास द्यावे लागतात, इतकेच.

आजची बाटलीबंद बिअर या अर्थाने निर्जीव आहे. ती टिकावी म्हणून कारखान्यात यीस्ट गाळून काढतात आणि बहुतेकदा पाश्चरीकरणही करतात. मायक्रोब्रूअरीतल्या न गाळलेल्या, गढूळ बिअरमध्ये थोडे यीस्ट असते. पण मिश्रण लगेच ओव्हनमध्ये गेले तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मरते. त्यामुळे बिअरमध्ये कालवलेले पीठ ‘फुगू दे’ म्हणून रात्रभर झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. उलट बेकिंग पावडर घातली असेल तर तिचा जोर तोवर ओसरतो.

मग बिअर करते काय?

तिच्यातला कार्बन डायऑक्साइड मिश्रण थोडे हलके करतो. ती किंचित आम्ल असते, तेही उपयोगी. पण तिचे खरे काम चवीचे आहे. यीस्टच्या ब्रेडला तासन् तास आंबून जो वास येतो, त्याच्या जवळपास जाणारा वास बिअर आयता आणते आणि माल्टमुळे कवचाला तांबूस रंग चढतो. खात्री करायची असेल तर बिअरऐवजी साधा सोडा घालून पाहा. बेकिंग पावडर असेल तर ब्रेड फुगेल, फक्त चव मिळमिळीत लागेल.

बिअर निवडताना मात्र जपावे. हॉप्सचा कडवटपणा भट्टीत उडून जात नाही. आयपीएसारखी कडू बिअर ग्लासात कितीही आवडत असली तरी तिचा ब्रेड कडवट होतो. साधी लागर किंवा गव्हाची बिअर बरी.

घरच्या ओव्हनसाठी प्रमाण

मैदा ३६० ग्रॅम म्हणजे साधारण ३ कप, बेकिंग पावडर १ मोठा चमचा, मीठ १ छोटा चमचा, साखर २ मोठे चमचे, बिअर ३३० मिलिलिटर आणि वितळलेले बटर ५० ग्रॅम. बटर खारे असेल तर मीठ निम्मे. कोरडे जिन्नस एकत्र चाळून घ्यावेत, बिअर ओतावी आणि पीठ जेमतेम ओले होईपर्यंतच ढवळावे. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवे. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. गुळगुळीत करण्याच्या नादात फेटत बसलात तर ग्लुटेन ताणले जाते आणि ब्रेड चामट होतो. निम्मे बटर डब्याच्या तळाला, उरलेले मिश्रणावर. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटे. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की झाले. निम्मी कणीक घ्यायची तर बिअर दोन-तीन चमचे जास्त लागते.

बेकिंग पावडरचा डबा पावसाळाभर उघडा-मिटा झाला असेल तर आधी चिमूटभर गरम पाण्यात टाकून पाहावी. जोरात फसफसली नाही तर नवा डबा आणावा.

अल्कोहोल उडून जाते का?

‘भट्टीत सगळे उडून जाते’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते खरे नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार, मिश्रणात घातलेल्या अल्कोहोलपैकी अर्ध्या तासाच्या भाजण्या-शिजवण्यानंतर सुमारे ३५ टक्के आणि तासाभरानंतर सुमारे २५ टक्के शिल्लक राहते. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असते. या हिशेबाने अख्ख्या ब्रेडमध्ये ३ ते ४ ग्रॅम उरेल. १२ तुकडे केले तर एका तुकड्यात पाव ते अर्धा ग्रॅम. याने नशा होत नाही. ‘स्ट्राँग’ बिअर घेतली तर आकडा त्या प्रमाणात वाढतो.

पण प्रश्न केवळ नशेचा नाही. धर्माने, व्रताने किंवा निश्चयाने मद्य वर्ज्य केलेल्यांना, व्यसनातून बाहेर पडलेल्यांना अर्धा ग्रॅमही नको असू शकतो. व्यसनमुक्त माणसाला तर तो वासही त्रासाचा ठरू शकतो. ‘यात काय आहे ते ओळखा पाहू’ हा खेळ या ब्रेडच्या बाबतीत खेळू नये. ताट पुढे करण्याआधी सांगावे. लहान मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी सोड्याचा किंवा अल्कोहोलविरहित बिअरचा ब्रेड करणे सोपे आहे. फक्त लेबलवर ०.० टक्के लिहिले आहे का ते पाहावे, कारण ‘नॉन अल्कोहोलिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेयांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असते.

ग्लुटेन न चालणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. मैद्याऐवजी तांदळाचे किंवा ज्वारीचे पीठ घेऊन त्यांचा प्रश्न सुटत नाही. बहुतेक बिअर बार्लीची, म्हणजे जवाची असते आणि ग्लुटेन जवातही असते.