समुद्रावर निघताना आधी तिथी बघा



परीक्षा संपल्या, मुलं घरात बसून कंटाळली आणि "आई, समुद्रावर कधी जायचं?" हा प्रश्न घरोघरी सुरू झाला असेल. आपल्याला समुद्र काही लांब नाही. चिरनेरहून निघालं, खोपट्याचा पूल ओलांडला की उरण. आणि उरणला पोचलं की पिरवाडी, नागाव, केगाव यांपैकी आवडेल तो किनारा. सकाळी मनात आलं आणि दुपारी जाऊन आलो, इतकं जवळ. जवळ आहे म्हणूनच आपण फारसा विचार न करता निघतो. डबा, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंची गोळी, सगळं आठवणीनं घेतो. पाणी केव्हा चढणार आणि केव्हा उतरणार, हे मात्र घरात क्वचितच कोणी विचारतं.

कोळीवाड्यातल्या बाईला हे विचारावं लागत नाही. कालवं काढायला खडकावर कधी उतरायचं आणि टोपली भरली नसली तरी कधी परत फिरायचं, हे तिला पाठच असतं. आपण चिरनेरकर डोंगराच्या पायथ्याची माणसं. आपलं पाणी म्हणजे तळं, विहीर आणि शेतातला पाट. म्हणून समुद्रावर जायचं, तर निदान एक हिशेब आपल्यालाही यायला हवा. तो सोपा आहे. भिंतीवरची दिनदर्शिका आणि पाऊणकी येत असली की झालं.

ज्या दिवशी जायचं त्या दिवसाची तिथी बघा. शुक्ल पक्ष असो की वद्य, प्रतिपदा म्हणजे एक, द्वितीया म्हणजे दोन, असं मोजायचं. त्या आकड्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. त्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की ओहोटीची वेळ मिळते. अष्टमीला भरती सकाळी सहाला, तर ओहोटी दुपारी बाराच्या थोडं पुढे आणि संध्याकाळी सहाच्या पुढे पाणी पुन्हा भरलेलं.

आता यात थोडा फरक पडतो, तोही सांगते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते. पण पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबई-उरणच्या किनाऱ्यावर पाणी भरतं ते बाराच्या आसपास. म्हणजे पक्षाच्या शेवटी हा हिशेब अर्धा-पाऊण तास आधीची वेळ दाखवतो. कारण सरळ आहे. भरती रोज पंचेचाळीस मिनिटांनी नव्हे, जवळजवळ पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. जुन्या मोजणीत सांगायचं तर एका तिथीला दोन घटका. एक घटका चोवीस मिनिटांची, दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. ज्यांना आकडेमोड आवडते त्यांनी दोन घटकांनी करावी, बाकीच्यांनी पाऊणपट करून अर्धा-पाऊण तास सांभाळून घ्यावा. खाडीत आत गेलं की भरती आणखी थोडी उशिरा पोचते, कारण पाण्याला तेवढं अंतर चालून यावं लागतं.

हे पुढे सरकणं चंद्रामुळे. समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्र ओढतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर यायला चोवीस तासांवर आणखी पन्नास मिनिटं लागतात. रोज चंद्र उशिरा उगवतो, तशी भरतीही उशिरा येते. सूर्यही पाणी ओढतो, पण त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, आणि मग येतं ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात असतात, एकमेकांचा जोर कमी करतात. तो भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. भांगाला धड चढत नाही, धड उतरत नाही. खरं मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं, त्यामुळे द्वितीया उजाडली म्हणून उधाण सरलं असं समजू नका.

आकड्यात सांगायचं तर आपल्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक साधारण साडेतीन मीटर, कधी चार मीटरच्याही वर असतो. भांगाला तोच दीड मीटरच्या आसपास. म्हणजे एकाच किनाऱ्यावर पंधरवड्यात दोन वेगळे समुद्र बघायला मिळतात.

पुढची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. सहा तासांत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. जेवढं पाणी चढायचं आहे त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. ओहोटी संपल्यावर पहिला तासभर पाणी जागचं हललेलंही वाटत नाही. मुलं किल्ला बांधत असतात, मोठी माणसं चटई पसरून आडवी झालेली असतात, "अजून कुठे पाणी येतंय" असं कोणीतरी म्हणतं. आणि मग मधल्या दोन तासांत अर्धं पाणी चढतं. उधाणाच्या दिवशी हे अर्धं म्हणजे पावणेदोन ते दोन मीटर. उंच माणूस उभा असेल तर डोक्यावरून जाईल इतकं. तेही समोरून लाटांनी येईलच असं नाही. वाळूत सखल जागा असतात, पाणी त्यांतून आधी मागच्या बाजूला शिरतं. आपण उंचवट्यावर बसलेलो असतो आणि किनारा व आपण यांच्यामध्ये पाणी आलेलं असतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, तिथे आत गप्पांत रमलेली माणसं अडकतात ती अशीच.

आता हा हिशेब आपल्या सहलीला लावून बघू. पौर्णिमेला समुद्रावर जायचं, चांदणं बघायचं, असं पुष्कळांच्या मनात असतं. पौर्णिमेला भरती दुपारी बाराला. डबा घेऊन बाराला पोचलात तर बसायला वाळू उरलेली नसेल, पाणी पार वरपर्यंत आलेलं असेल. ओहोटी संध्याकाळी सहाला. त्या वेळी वाळू लांबवर उघडी पडते, सूर्य मावळत असतो, सगळ्यांना आत आत चालत जावंसं वाटतं. आणि नेमकं तिथून पुढे, अंधार पडत असताना, आठ ते दहाच्या दरम्यान उधाणाचं पाणी सर्वांत वेगानं परत येतं. चांदणं जरूर बघा, पण ते रस्त्याच्या कडेला बसून. सातनंतर मुलांना वाळूवर ठेवू नका.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी अष्टमी ते दशमीचे दिवस निवडीन. भांग असतो, पाणी फार पळवत नाही. दशमीला भरती साडेसातला, ओहोटी दीडच्या पुढे. उन्हं कलल्यावर चार-साडेचारला गेलात तर पाणी हळूहळू वर येत असतं, मुलांना फार आत जावं लागत नाही, आणि दिवेलागणीला निघालात की बेताचं होतं.

धुळवडीचं मात्र वेगळंच आहे. रंग खेळून झाला की समुद्रात आंघोळीला जायची पद्धत पडली आहे. धुळवड म्हणजे फाल्गुन वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती, आणि तीही उधाणाची. दरवर्षी, तारीख कुठलीही असो. मंडळी पोचतात दीड-दोनला, तेव्हा पाणी भरलेलं, छान दिसतं. पण तिथून ते परत फिरलेलं असतं, आणि तीन ते पाचच्या दरम्यान सर्वांत जोरात उतरतं. खाडीच्या तोंडाजवळ ही ओढ फारच वाईट. पोहता येणारा तरणा पोरगाही तिच्याविरुद्ध टिकत नाही. घरातल्या मोठ्या मुलांना अडवता येत नाही हे मला कळतं. पण त्यांना ही वेळ सांगता येते. खाडीच्या तोंडाशी उतरू नका आणि कमरेच्या वर जाऊ नका, एवढं तरी सांगा.

विसर्जनालाही हेच लागू. आपल्या गावात गणपती घडवणारे हात पुष्कळ; इथल्या मूर्ती लांबलांब जातात, आणि त्यांतल्या कितीतरी खाडीत, समुद्रात विसर्जित होतात. दीड दिवसाचा गणपती पंचमीला निघतो. भरती पावणेचारला, म्हणजे संध्याकाळी सहा-सातला पाणी जोरात उतरत असतं, पाण्यात उतरलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूला ओढतं. अनंत चतुर्दशीला उलटं. ओहोटी पाचच्या आसपास आणि रात्री सात-आठला पाणी झपाट्यानं चढत असतं. दोन्ही वेळी मूर्ती घेऊन आत जाणाऱ्यांची संख्या मोजकी ठेवावी आणि मुलांना काठावरच थांबवावं. पाण्याच्या तळाशी पाकट असतो, शेपटीच्या काट्यानं मारतो. पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत चाललं की तो आधीच बाजूला होतो. लागलाच तर जखमेचा पाय सोसवेल इतक्या कढत पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवायचा, त्यानं कळ कमी होते. मग दवाखाना.

कोणी बुडत असेल तर ते ओरडत नाही, हेही लक्षात असू द्या. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, ओरडायला श्वासच नसतो. हसत-खिदळत असलेलं पोर एकाएकी गप्प झालं तर आधी तिकडे बघा. आणि पोहता येत नसेल तर मागोमाग उडी घेऊ नका. एकाला वाचवायला गेलेली दुसरी, तिसरी व्यक्ती बुडाली, असं फार वेळा घडतं. ओढणी फेका, दोर फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. हातात आलेला रिकामा कॅन माणसाला तरंगत ठेवतो. समुद्रावर जाताना पाण्याचा पाच लिटरचा कॅन न्यावा तो यासाठीही. दुसऱ्या कोणाला तरी ११२ ला फोन लावायला सांगा.

खाडीकाठच्या गाळात पाय रुतला तर जोर लावून वर ओढू नये, तो आणखी आत जातो. मागे टेकून बसायचं, अंगाचा भार पसरायचा आणि पाय हळूहळू हलवत मोकळा करायचा. आणि भरतीच्या आधीच्या तीन तासांत मुलांना निवट्या धरायला खाजणात सोडायचंच नाही.

पावसाळ्यात समुद्राचं नावच काढू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते होड्या वर ओढून ठेवतात, तिथे आपण मुलांना घेऊन लाटांत उभं राहावं हे बरं नव्हे. त्या दिवसांत आपला आक्कादेवीचा डोंगर आहे. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह तिथलाच. मुलांना तिथे न्या, आठ हुतात्म्यांची गोष्ट सांगा. फक्त ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा वाढलं तर तिथूनही लगेच वर या.

मुंबईला मोऱ्याहून लाँचनं जाणाऱ्या बायकांना ओहोटी निराळ्या तऱ्हेनं माहीत असेल. मोरा बंदरात गाळ फार, त्यामुळे उधाणाच्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या काही तास बंद राहतात. भाऊच्या धक्क्यावर कोणाकडे लग्नाला जायचं असेल तर तिथी आधी बघा, नाहीतर नव्या साड्या नेसून बंदरावर बसून राहावं लागतं.

भरतीच्या वेळेला मुद्दाम जावं अशीही एक जागा आहे. उरणजवळ पाणज्याची पाणथळ. हिवाळ्यात तिथे पक्षी येतात. ओहोटीला ते लांब चिखलात पांगून खात असतात, नुसते ठिपके दिसतात. भरतीनं चिखल झाकला की खायची जागा जाते आणि थवेच्या थवे विसाव्याला पाणथळीवर उतरतात. तेव्हा मुलांना पाण्यात न उतरवता, काठावर बसून तासभर बघता येतं. दिवसाउजेडी भरती हवी आणि सकाळी आठ-नऊची असली तर उत्तम, म्हणजे एकादशी, द्वादशी. द्वादशीची पाऊणपट किती झाली, ते आज मुलांकडूनच काढून घ्या.