विश्लेषण : घरून काम आणि ‘हिरव्या ठिपक्या’चा पहारा… लोकलचे वाचलेले तास जातात कुठे?

घरून काम करण्याची मुभा मिळाल्याने शहाड, आंबिवली, टिटवाळा पट्ट्यातील अनेक नोकरदारांचा लोकलमधला वेळ वाचला. मात्र लॅपटॉपवरील देखरेख सॉफ्टवेअरमुळे घरातली खुर्चीही आता हजेरीपटावर आली आहे. कंपन्या नेमके काय मोजतात, कायदा काय सांगतो आणि कर्मचाऱ्याच्या हाती काय उरते, याविषयी…

शहाडकरांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

शहाड हे कसारा मार्गावरील कल्याणनंतरचे पहिले स्थानक. कल्याणहून सुटणाऱ्या गाड्या इथल्या प्रवाशांच्या उपयोगाच्या नाहीत. टिटवाळा, आसनगाव, कसारा लोकल चुकली, की पुढच्या गाडीसाठी ताटकळावे लागते, नाहीतर रिक्षाने कल्याण गाठावे लागते. दक्षिण मुंबईतील कार्यालयात जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास सहज जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल बंद झाली आणि घरच कार्यालय झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटर, बीपीओ यांच्यासाठीचे नियम शिथिल केले आणि घरून कामाचा मार्ग कायमचा मोकळा झाला. आज अनेक कंपन्यांत आठवड्याचे काही दिवस कार्यालय, काही दिवस घर अशी पद्धत आहे. घरच्या दिवशी वाचणारे हे तीन तास कुटुंबाला मिळतात की पुन्हा स्क्रीनलाच, हा खरा प्रश्न आहे.

देखरेख सॉफ्टवेअर नेमके काय मोजते?

कंपनीच्या लॅपटॉपमध्ये बसवलेले हे सॉफ्टवेअर लॉगइनची वेळ, कीबोर्ड-माउसची हालचाल, कोणते ॲप किती वेळ उघडे होते, याची नोंद ठेवते. काही यंत्रणा ठरावीक वेळाने स्क्रीनशॉट घेतात, काही वेबकॅम सुरू ठेवायला लावतात. ‘टीम्स’सारख्या ॲपमध्ये काही मिनिटे हालचाल झाली नाही, की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. हे तंत्रज्ञान केवळ परदेशातून आलेले नाही. कामाच्या वेळेचे विश्लेषण करणारी ‘सेपियन्स ॲनालिटिक्स’ ही कंपनी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली.

यातली अडचण अशी, की यंत्र हालचाल मोजते, काम नाही. कागदावर आकडेमोड करणारा, फोनवर ग्राहकाची समजूत काढणारा किंवा किचकट चूक कुठे आहे याचा विचार करणारा कर्मचारी यंत्राच्या लेखी रिकामा बसलेला असतो. महावितरणचा पुरवठा खंडित होऊन वायफाय बंद पडले, तर तो थेट गैरहजर ठरतो.

कंपन्यांची भीती निराधार आहे का?

तसे म्हणता येणार नाही. विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड सुरू असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. ग्राहकांची गोपनीय माहिती सांभाळण्याची जबाबदारीही कंपनीवर असते. मात्र वेल्स फार्गोचे उदाहरण दुसरीही बाजू दाखवते. हालचालच मोजली, तर काही जण हालचालच तयार करतात. माउस आपोआप हलवणारी उपकरणे बाजारात आली ती याच गरजेतून.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ११ देशांतील २० हजार जणांच्या पाहणीत ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपले काम नीट होत असल्याचे सांगितले. पण संमिश्र पद्धतीत कर्मचारी काम करत आहेत यावर विश्वास ठेवणे अवघड जाते, असे ८५ टक्के वरिष्ठांचे म्हणणे होते. याच मायक्रोसॉफ्टला २०२०च्या अखेरीस टीकेनंतर आपल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मधून कर्मचाऱ्यांची नावे काढावी लागली होती.

घरून काम केल्याने काम वाढते की घटते?

दोन अभ्यास एकत्र वाचले, तर उत्तर सापडते. चीनमधील ‘सीट्रिप’ कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. मात्र निवड होण्यासाठी घरात कामापुरती स्वतंत्र खोली असणे ही अट होती आणि किती कॉल घेतले हे सहज मोजता येत होते.

दुसरा अभ्यास आशियातील एका मोठ्या आयटी कंपनीच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा, तोही त्यांच्या संगणकांवरील विश्लेषण सॉफ्टवेअरच्याच नोंदींवरून केलेला. टाळेबंदीनंतर कामाचे तास वाढले, प्रत्यक्ष काम किंचित घटले आणि उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी खाली आली. बैठका आणि समन्वय यांत वेळ गेला, सलग कामाचे तास कमी झाले.

म्हणजे स्क्रीनसमोरचा वेळ वाढला म्हणून काम वाढतेच असे नाही. ‘वन रूम किचन’मध्ये मुलांचा अभ्यास, कुकरची शिट्टी आणि मीटिंग एकाच वेळी सुरू असतात, तिथे स्वतंत्र खोलीची अट कशी पूर्ण होणार? तिथला वेबकॅम कर्मचाऱ्यावर नव्हे, अख्ख्या घरावर नजर ठेवतो.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर लागू होतील. मात्र या कायद्याच्या कलम ७ नुसार नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी माहिती वापरताना स्वतंत्र संमतीची गरज नाही. वेबकॅम किंवा स्क्रीनशॉट याविषयी कायद्यात थेट मर्यादा नाही.

नेदरलँड्समध्ये २०२२ साली एका न्यायालयाने दिवसभर वेबकॅम सुरू ठेवण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला काढणे बेकायदा ठरवून भरपाई दिली. कार्यालयीन वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये खासगी विधेयक मांडले.

मग कर्मचाऱ्याने काय करावे?

आपल्या लॅपटॉपवर काय नोंदले जाते, हे मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारावे. खासगी बँकिंग, वैद्यकीय अहवाल, घरगुती गप्पा यांसाठी तो लॅपटॉप वापरू नये. कॅमेऱ्यामागे भिंत येईल अशी जागा निवडावी. वीज किंवा नेट गेले, तर लगेच मोबाइलवरून लेखी कळवावे. सकाळी दिवसाची तीन कामे ठरवावीत आणि संध्याकाळी काय झाले, काय राहिले, हे वरिष्ठांना दोन ओळींत पाठवावे. ठिपक्यापेक्षा या दोन ओळी कामाचा भक्कम पुरावा असतात.

शिस्त म्हणजे जास्त वेळ बसणे नव्हे, वेळेवर उठणेही त्यात येते. कार्यालयात असताना परतीची लोकल हीच काम थांबवण्याची खूण होती. घरी ती खूण उरलेली नाही, त्यामुळे लॅपटॉप बंद करण्याची वेळ स्वतःच ठरवावी लागते. व्यवस्थापनानेही मिनिटांऐवजी काम मोजायचे ठरवले, तरच लोकलचे ते तीन तास शहाडच्या घरात उरतील.