पडद्यावरचा पांढरा पट्टा

छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन नातेवाईक कधीकधी थेट आमच्या दारात येतात. "आधी एमआरआय काढा!" मी त्यांना कॅज्युअल्टीत पिटाळते. मशीनवर बसणारी टेक्निशियन मीच, तरी सांगते: अटॅक चालू असताना ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन आणि लागली तर अँजिओप्लास्टी. तेव्हा पाऊण तास बोगद्यात पडून राहणं परवडत नाही.

आमची पाळी नंतर. मंगळसूत्र, जोडवी, पिना काढायच्या; साडीची एखादी पिन हमखास राहतेच. स्टेंट सहसा चालतो, पेसमेकर असला तर त्याचं कार्ड पाहिल्याशिवाय मी आत सोडत नाही. मग माइकवरून माझा जप सुरू: श्वास घ्या, सोडा, थांबा. श्वासाबरोबर हृदयही सरकत राहिलं तर चित्र स्थिर कसं येणार?

मग शिरेतून गॅडोलिनियम देऊन दहाएक मिनिटं थांबायचं. निरोगी स्नायूतून ते निघून जातं. मेलेल्या भागात साचतं. पडद्यावर निरोगी स्नायू काळा, मेलेला पांढराशुभ्र. हा पांढरेपणा भिंतीच्या किती जाडीपर्यंत गेलाय, त्यावरून रक्तपुरवठा सुरू केल्यावर तो भाग पुन्हा हलेल का याचा अंदाज येतो, हे शिकागोच्या रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांच्या गटानं 2000 साली दाखवलं.

पांढरं कुठे आहे, यालाही महत्त्व. अटॅकचा पट्टा भिंतीच्या आतल्या कडेपासून सुरू होतो. तापातून उठलेला तरुण, ट्रोपोनिन वाढलेलं, अँजिओग्राफी स्वच्छ, आणि पांढरं मात्र बाहेरच्या कडेला: बहुधा हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. उपचारच बदलतात. पडद्यावर मला आधी दिसतं, पण बाहेर बसलेल्या आईला मी एवढंच म्हणते, "रिपोर्ट डॉक्टर देतील, मावशी."

आइसलँडमध्ये 67 ते 93 वयाच्या 936 जणांचा असा एमआरआय केला. निष्कर्ष 2012 मध्ये छापून आले. अटॅकची नोंद असलेले 91, आणि नोंद नसताना हृदयावर व्रण सापडलेले 157! मधुमेहींमध्ये असे छुपे अटॅक जास्त होते. "पित्त झालं होतं" म्हणणारे आपल्याकडेही थोडे नाहीत.

म्हणून हौसेनं तपासणी करायला मात्र येऊ नका. डॉक्टरांनी सांगितलं तरच या, आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा. मूत्रपिंड फार अधू असेल तर गॅडोलिनियम देण्याआधी दहादा विचार करावा लागतो.