गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस गेलेला ऑर्गन

ख्रिस्ती मंदिरांतील ऑर्गन हें इंग्रजी राज्याबरोबर आलेलें वाद्य, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. पोर्तुगीज लोकांनीं इ. स. १५१० मध्यें गोवें घेतलें, व त्याच शतकांत तेथील मंदिरांत ऑर्गन वाजूं लागला. पुढें अकबर बादशहानें इ. स. १५७५ च्या सुमारास हाजी हबीबुल्ला ह्यास कारागीर बरोबर देऊन गोव्यास पाठविलें. फिरंग्यांच्या नवलाच्या वस्तु आणाव्या व त्यांच्या कला शिकून याव्या, अशी त्यास आज्ञा होती. दोनएक वर्षांनीं तो परतला, तेव्हां त्याच्या सामानांत एक ऑर्गन होता.

बदायुनी ह्या इतिहासकारानें त्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. पेटी पुरुषभर उंच. आंत एक फिरंगी बसून तारा वाजवी, आणि बाहेर दोघे जण मोराच्या पांच पंखांस हात लावीत. हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस हसूं येईल. पण ज्यानें तंतुवाद्येंच अधिक पाहिलीं, त्यास आंत तारा असाव्या असें वाटणें स्वाभाविकच होय. ऑर्गनास तारा नसतात. ते 'पंख' म्हणजे उघडझांप करणारे भाते असावे, असें आम्हांस वाटतें.

लोहाराचा भाता व गुराख्याचा पांवा ज्यानें पाहिला, त्यास ऑर्गन समजावयास वेळ लागत नाहीं. भात्यांतील वारा एका बंद पेटींत कोंडतात. वर नळ्या उभ्या असतात. पट्टी दाबली कीं त्या नळीचें द्वार उघडतें, वारा तिच्या ओठाच्या धारेवर आपटतो व नाद निघतो. आठ फूट लांबीच्या उघड्या नळीचा जो स्वर, त्याच्या खालच्या सप्तकांतील तोच स्वर काढावयास सोळा फूट नळी लागते. पुष्कळ नळ्या कथील व शिसें ह्यांच्या पत्र्याच्या असतात. पत्रा वळवून डाख देण्याचें हें काम आमच्या सोनगीरच्या तांबटांस मुळींच परकें वाटणार नाहीं.

असला ऑर्गन हलवावयाचा म्हणजे प्रत्येक नळीवर खूण करून ती वेगळी काढावी लागते, व नव्या जागीं सर्व स्वर पुन्हां मिळवावे लागतात. खोली बदलली कीं नादहि बदलतो. आपल्याकडे दुसरा शत्रु उन्हाळा. हवा वीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेली कीं साध्या नळ्यांचा स्वर शेंकडा तीनहून अधिक चढतो. जिभेच्या नळ्या मात्र तितक्या चढत नाहींत, आणि दोहोंची जोडी फुटते. वैशाखांत खानदेशांत पारा चाळिसांवर जातो, हें सांगावयास नकोच. शिवाय भात्यांचें कातडें उन्हानें तडकतें, लांकडास वाळवी लागते.

ह्यामुळें नळ्यांचा ऑर्गन मुंबईसारख्या शहरांतील मोठ्या मंदिरांत राहिला, आणि खेड्यापाड्यांत पेटी आली. आलेक्सांद्र देबें ह्यानें इ. स. १८४२ मध्यें पॅरिस येथें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तींत नळ्या नाहींत. पितळेच्या जिभाच वाऱ्यानें कांपतात. तिचाच भाऊबंद जो पायानें भाते हलविण्याचा ऑर्गन, तो मंदिरांतून मराठी रंगभूमीवर गेला व बालगंधर्वांच्या गाण्यास त्यानें साथ दिली. अकबराच्या दरबारीं लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं, तें नवल तीनशें वर्षांनीं आमच्या आजोबांच्या पिढीनें नाटकगृहांत तिकीट काढून ऐकलें.