नक्षत्रांच्या म्हणी आणि भोर-वेल्ह्याची भातशेती

भोर आणि वेल्हे परिसरातील पाऊसपाण्याच्या म्हणी सूर्यनक्षत्रांवर बेतलेल्या आहेत. तेरा-चौदा दिवसांचे एकेक नक्षत्र धरून मावळातील शेतकऱ्याने पावसाळा मोजला. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या सुमारास त्यावर भाताचे बी टाकायचे, पुनर्वसू-पुष्यात लावणी करायची, असा हा क्रम होता.

‘पडल्या तर मघा, नाही तर वरती बघा’ ही म्हण ऑगस्टच्या उत्तरार्धातील आहे. त्या वेळी भात फुटव्यावर असते आणि खाचरात पाणी साचून राहावे लागते. सप्टेंबरच्या मध्यावर भात पोटरीत येते; ‘पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण त्या पावसाने येणाऱ्या सुबत्तेची. ‘पडेल हस्त तर पिकेल मस्त’ ही म्हण रब्बीच्या पेरणीलाही लागू पडते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ मात्र मुख्यतः देशावरच्या ज्वारीची आहे. ऑक्टोबरअखेरच्या स्वातीत वेल्ह्याकडे भाताची कापणी चालते आणि कापून पसरलेले भात भिजले तर दाणा काळा पडतो. पूर्वेकडे नसरापूर-किकवीच्या बाजूला रब्बी पिके होतात, तिथे तोच पाऊस हवासा वाटतो. एकाच म्हणीचा खरेखोटेपणा असा घाटमाथ्यापासूनच्या अंतरावर ठरत आला.

या म्हणी छापील संग्रहांत आल्या त्या महाराष्ट्रभरच्या म्हणून. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशात अनेक म्हणी आहेत. १८९९ मध्ये मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डहून निघाला. दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश १९४२ ते १९४७ दरम्यान आला. या भागातील बायकांचे बोलणे मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले ते त्यानंतर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यातून जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन उभे केले.

विसाव्या शतकात पाण्याचा हिशेब बदलला. भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडीवर भाटघर धरण बांधले गेले, पण त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे गेले. तिकडच्या बागायतीला नक्षत्रांची तितकी गरज उरली नाही. धरणाच्या वरच्या खोऱ्यांतील भात मात्र बहुतांशी पावसावरच राहिले. बियाणेही बदलले. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची १९८७ची इंद्रायणी आंबेमोहोराच्या बरोबरीने पसरली. तीही सप्टेंबरातच निसवते, त्यामुळे उत्तरा नक्षत्राची म्हण नव्या वाणालाही लागू राहिली. पंचांगातील नक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस की हत्ती, यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत मात्र हवामान खात्याच्या अंदाजापुढे मागे पडली.