राजवाड्यांची सहल आणि चिठ्ठीवरची किंमत

पाली, बालोतरा, जोधपूर ही नावे आमच्या पेढीच्या वह्यांत वडिलांच्या काळापासून आहेत. मालेगावच्या मागावरचे कच्चे कापड तिकडे जाते, धुऊन, रंगून, छापून निघते आणि देशभर विकले जाते. वसुलीसाठी किंवा मालाच्या तक्रारीसाठी आम्ही त्या भागात कितीदा गेलो याची गणती नाही. परंतु स्टेशन, प्रोसेस हाऊस, गादीवरचा चहा आणि परतीची गाडी, एवढाच आमचा राजस्थान. जोधपूरचा किल्ला आम्ही पाहिला तो रिक्षातून मान वर करून.

गेल्या हिवाळ्यात मुलांनी हट्टाने आमचे आणि बेगमसाहेबांचे नाव एका सहल कंपनीत नोंदवले. जयपूर, जोधपूर, उदयपूर. आठ दिवस, सव्वीस माणसे, सोबत गाईड. आम्ही जन्माचे कापडवाले. महाल पाहताना कापडाकडे आणि कापडाकडून किमतीकडे नजर जाणारच. तेव्हा सहलीचे वर्णन थोडक्यात आणि व्यापाराचे सविस्तर सांगितले, तर वाचकांनी समजून घ्यावे.

व्यापारासाठी वसवलेले शहर

अंबरचे राजे सवाई जयसिंग दुसरे यांनी १७२७ साली डोंगरातली राजधानी सोडून मैदानात जयपूर वसवले. विद्याधर भट्टाचार्य यांनी आखणी केली. सरळ रुंद रस्ते, काटकोनातले चौक, रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकसारखी दुकाने. ठिकठिकाणचे व्यापारी आणि कारागीर बोलावून आणले. आजही गल्ल्यांना धंद्यांची नावे आहेत. मनिहारोंका रास्ता म्हणजे लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची गल्ली, ठठेरोंका रास्ता म्हणजे तांब्यापितळेवाल्यांची. जयपूर शहराला २०१९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आमच्या मते महालांइतकाच तो या बाजारपेठेचाही मान आहे.

गाईड हुशार होता. हवामहाल १७९९ सालचा, सवाई प्रतापसिंगांनी बांधलेला, ९५३ खिडक्या, हे त्याला तोंडपाठ होते. शहराला गुलाबी रंग १८७६ साली इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी दिला गेला, हेही त्याने सांगितले. सिटी पॅलेसमधल्या मुबारक महालात मात्र तो घाईत होता. तिथे कापडाचे दालन आहे. आम्ही तिथून हलेनात, तेव्हा बेगमसाहेबांनीच आठवण दिली, "दुकानात नाही आहात."

अंगाने अवाढव्य असलेल्या सवाई माधोसिंग पहिले यांचे कपडे, बनारसी किमखाब, काश्मिरी शाली आणि पांढऱ्या जमिनीवर बारीक बुट्टीची सांगानेरी छपाई तिथे पाहिली. दरबाराचे वेगवेगळे कारखाने असत. त्यांची नावे वाचून आम्हाला आमची उर्दू शाळा आठवली: तोशाखाना, रंगखाना, छापाखाना, फर्राशखाना. मराठी आम्ही बाजारात शिकलो, पण हे शब्द शाळेतले. रंगखान्यात रंगारी, छापाखान्यात छिपे. राजाच्या अंगावरचा थाट या माणसांच्या हातातून निघत होता.

एक गोष्ट व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावी अशी आहे. या दरबाराच्या जुन्या गालिच्यांच्या पाठीला कापडाच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत. त्यांवर नोंदीची तारीख, माप आणि किंमत लिहिलेली असे. राजाला किंमत विचारणारा कोण होता? तरीही ती लिहिली जात होती. हिशेब उघडा होता.

शोरूममधला तासभर

सिटी पॅलेसहून आमची बस थेट एका मोठ्या शोरूमपुढे थांबली. कार्यक्रमपत्रिकेत "हस्तकला केंद्रास भेट" असे लिहिले होते. प्रथम प्रात्यक्षिक. एका कारागिराने रुमालावर चार ठसे उठवले आणि रुमाल बादलीतल्या पाण्यात बुडवला. फिकट रंग एकदम गडद झाले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "सगळे भाजीपाल्याचे रंग," विक्रेत्याने सांगितले.

आम्ही गप्प बसलो. असा रंग पालटतो तो रसायनाने. तेजाबाच्या पाण्यात रंग खुलण्याचा प्रकार आमच्या रंगाऱ्यांना नवा नाही. रसायनाचा रंग वाईट नसतो. पक्का असतो, स्वस्त पडतो, आम्हीही तोच विकतो. परंतु त्याला भाजीपाल्याचा म्हणून विकणे ही लबाडी झाली.

नंतर कापड पुढे आले. कुर्त्याचे थान, भाव मीटरला ४८० रुपये, "शाही घराण्याची हातछपाई". आम्ही थान उलटले. रंग वरच बसलेला, मागे उतरलेला नाही. बुट्टी बुट्टीला केसाइतकाही फरक नाही. ठशाचा सांधा शोधूनही सापडला नाही. ही स्क्रीनची छपाई होती. आणि खालचे कापड? वीण चाचपली, काठ पाहिला. पॉवरलूमचे साधे कापड, बहुधा आमच्याच बाजूचे. मालेगावहून निघालेला माल आम्हालाच जयपुरात शाही म्हणून दाखवला जात होता!

आमच्या गटाने त्या तासाभरात भरपूर खरेदी केली. एका निवृत्त शिक्षकांनी मुलीच्या लग्नासाठी बावीस हजारांचा माल घेतला. आम्ही त्यांना अडवले नाही. परक्या दुकानात उभे राहून दुसऱ्याचे गिऱ्हाईक तोडू नये, ही आमच्या धंद्याची रीत. रात्री जेवताना ते पिशवी उघडून आनंदाने दाखवू लागले, तेव्हा ही रीत आम्हाला टोचली.

सांगानेरची दुपार

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. मंडळी सिनेमाला गेली, आम्ही रिक्षा करून सांगानेरला गेलो. जयपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर. जाताना स्क्रीन छपाईचे कारखाने लागतात आणि रंगीत पाण्याचे नालेही दिसतात. आतल्या गल्लीत एका छिप्याच्या घरी बसलो. लांब टेबलावर तागाच्या आणि कापडाच्या घड्या, त्यावर पांढरे थान ताणून लावलेले. ठसे शिसवी लाकडाचे. रेषेचा ठसा वेगळा, जमिनीचा वेगळा, आत रंग भरायचा वेगळा. एका फुलाला चार रंग असतील तर चार वेळा हात फिरतो.

जुन्या पद्धतीचा रंग कसा होतो, तेही त्याने दाखवले. कापड हिरड्याच्या पाण्यातून काढायचे. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ कित्येक दिवस कुजवायचा आणि चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करायचा. लालसाठी तुरटी. छापताना हे रंग नीट दिसतही नाहीत, उकळल्यावर खुलतात. त्यात दिवस जातात, एका बादलीच्या पाण्यात तमाशा होत नाही. जवळच्या बगरू गावी चिखलाचा लेप देऊन छापतात, त्याला दाबू म्हणतात.

भाव विचारला. खऱ्या हातछपाईचे, त्याच बुट्टीचे कापड मीटरला १६० रुपये. शोरूममध्ये स्क्रीनचे कापड ४८० रुपयांना, आणि खऱ्या ठशाचे इथे १६० ला! आम्ही म्हणालो, "तुमच्याकडे सहलीच्या गाड्या का येत नाहीत?" तो हसला. "सेठजी, गाडीवाल्याला देण्याइतके आमच्या भावात काय आहे?"

त्याच गावात कागझी बिरादरी राहते. पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद करणारे हे मुसलमान कारागीर. कापडाच्या कारखान्यातल्या सुती कातरणाचा लगदा करून ते कागद बनवतात. आम्ही जी कातरण पोत्याच्या भावाने फुंकून टाकतो, तिचा इथे लग्नपत्रिकेचा कागद होतो. या धंद्यात कोणाला हात घालायचा असेल, तर सांगानेर पाहून यावे.

गाईडचे म्हणणे

संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवर गाईड भेटला. आम्ही सरळ विचारले, "शंभराला किती?" आधी तो चपापला. कापडवाले आहोत हे कळल्यावर मोकळा झाला. त्या दुकानात शंभराला पंचवीस ते तीस, त्यात ड्रायव्हरचा वाटा वेगळा.

"चाचा, मला चोर समजू नका," तो म्हणाला. "कंपनी दिवसाचे जे देते त्यात घर चालत नाही. कधी कधी तेही देत नाही. दुकानात समजून घे म्हणते. सीझन चार-पाच महिन्यांचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोटारसायकल विकली. तुम्ही सहल स्वस्त मागता, तिची किंमत कुठून तरी निघणारच."

या बोलण्यातले शेवटचे वाक्य आम्ही मालेगावपर्यंत घेऊन आलो. सहलीचे पैसे भरताना आम्हीच तीन कंपन्यांची पत्रके समोर ठेवून सर्वांत स्वस्त ती निवडली होती. उरलेली किंमत त्या शिक्षकांच्या बावीस हजारांतून आणि सांगानेरच्या छिप्याच्या मजुरीतून वसूल झाली.

मेहरानगढचा धडा

जोधपूरला अखेर मेहरानगढ आतून पाहिला. राव जोधांनी १४५९ साली या किल्ल्याचा पाया घातला. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले, तेव्हा मोठमोठ्या महालांच्या मालकांपुढे एकच प्रश्न होता: हे चालवायचे कसे? जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ सालीच हॉटेल झाला होता. उदयपूरच्या तळ्यातला जगनिवासही १९६३ मध्ये त्याच वाटेने गेला. मेहरानगढसाठी १९७२ साली ट्रस्ट झाला. तिकिटावर किल्ला राखला जातो. कानाला लावायचे यंत्र मिळते आणि ते क्रमाने सगळी माहिती देते. त्या यंत्राला कोणाच्या दुकानाकडून काही मिळत नाही! किल्ल्यातल्या संग्रहालयाचे स्वतःचे दुकान आहे. ज्याला घ्यायचे तो घेतो, नको तो पुढे जातो.

समोरच्या टेकडीवर उमेदभवन दिसते. १९२९ साली काम सुरू झाले, १९४३ मध्ये संपले. दुष्काळात रयतेला रोजगार मिळावा म्हणून महाराजा उमेदसिंगांनी ते काढले. ऐषआराम म्हणून त्यावर टीका करणारेही आहेत. पण हजारो हातांना त्या भिंतींनी वर्षानुवर्षे मजुरी दिली, हेही खरे.

पुढे उदयपूरला जाताना पालीहून बस गेली. खिडकीतून ओळखीचे कारखाने दिसले. सोबतच्यांना वाटले तिथे पाहण्यासारखे काही नाही. उदयपूरचा सिटी पॅलेस, पिछोला तळे, मोराची नक्षी हे सर्व सुंदर आहे. ते आम्ही वर्णन करण्यापेक्षा जाऊन पाहावे.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

पैसे भरण्यापूर्वी कंपनीला दोन प्रश्न विचारावेत: गाईडला मेहनताना कोण देते, आणि दुकानांचे थांबे किती. थांबे नकोत असे आधीच सांगता येते, थोडे जास्त मोजावे लागतात. कापड घेताना थान उलटून पाहावे. हातछपाईत रंग मागे उतरतो, ठशांच्या सांध्यावर थोडा कमीजास्तपणा असतोच. तोच तिचा दाखला. ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. आणि गाईड चांगला असेल तर त्याला उघडपणे, हातात, मेहनतीचे पैसे द्यावेत.

आमच्या घरचे

आता स्वतःविषयी. आमच्या दुकानात खेड्यापाड्यांतून लग्नाच्या बस्त्याच्या गाड्या येतात. गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही बिलाच्या तीन टक्के देत आलो. पंचवीस वर्षे दिले. ते कोणाच्या खिशातून जात होते? वधूपित्याच्या. त्याला कधी सांगितले? नाही. शंभराला तीस घेणाऱ्या दुकानात मान हलवत उभे असताना हे आम्हाला आठवले नाही. सांगानेरहून परतताना रिक्षात आठवले.

दलाली हा हलका धंदा नव्हे. वडिलांच्या काळी कापडबाजारात दलालाशिवाय पान हलत नसे, पण त्याची दलाली वहीत लिहिलेली असे, दोन्ही बाजूंना माहीत असे. लपवलेली दलाली आणि लिहिलेली दलाली यांत तेवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

परत आल्यावर आम्ही प्रत्येक मालाला किमतीची चिठ्ठी लावली. ड्रायव्हरला जे द्यायचे ते बिलावर वेगळ्या ओळीत लिहू लागलो. पहिल्याच आठवड्यात एका वधूपित्याने ती ओळ वाचून विचारले, "हे कशाचे?" सांगितले. त्याने ड्रायव्हरकडे पाहिले, ड्रायव्हरने जमिनीकडे. मग तो म्हणाला, "द्या, लांबून आणलंय त्यानं आम्हाला." पण सगळेच असे म्हणत नाहीत. दोन गाड्या या हंगामात आमच्या दारावरून पुढच्या दुकानात गेल्या. मुलगा म्हणतो, "अब्बा, सहलीला पाठवून चूक झाली." हंगामाचा हिशेब अजून व्हायचा आहे. चिठ्ठ्या मात्र आम्ही काढलेल्या नाहीत.