कापसाची मुळे आणि सूत्रकृमीचे वंश

पनवेलच्या खाडीकाठी, जेथे भरतीचे पाणी भातखाचरांत शिरून जमीन खारावते, तेथील खार जमीन संशोधन केंद्राने खारेपणा सोसणारे भाताचे वाण सिद्ध केले, आणि पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ ही त्याच परिश्रमाची फळे होत. परंतु मीठ हा निर्जीव प्रतिपक्षी असल्यामुळे पिकाने एकदा संपादन केलेल्या सहनशक्तीवर मात करण्यासाठी तो आपले स्वरूप पालटीत नाही. घाट ओलांडून काळ्या मातीच्या मुलखात गेले की पऱ्हाटीच्या मुळांशी जो प्रतिपक्षी गाठ घेतो तो, म्हणजे सूत्रकृमी, सजीव आहे, आणि म्हणूनच पिकाच्या प्रतिकारशक्तीचा विचार त्या कृमीच्या वंशवैचित्र्याला सोडून करणे मला अपुरे वाटते.

मूळगाठ उत्पन्न करणाऱ्या सूत्रकृमीचे पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. ते मुळाच्या टोकाजवळून आत शिरते आणि आपल्या स्रावांनी काही पेशींना असे वळण लावते की त्या अनेक केंद्रकांच्या प्रचंड पेशी होऊन त्याला आयते अन्न पुरवू लागतात. भोवतालचे मूळ सुजून गाठ होते, मादी तेथेच शेकडो अंडी घालते, आणि उबदार जमिनीत सुमारे महिन्याभरात नवी पिढी तयार होते. या कृमीने पोखरलेल्या कापसावर मर रोग अधिक जोराने पडतो, हे जॉर्ज अॅटकिन्सन यांनी अलाबामात १८९२ मध्येच दाखविले होते.

कापसाला पीडणाऱ्या मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा या जातीत अंडी फलनावाचूनच वाढतात, तेव्हा संततीत वैचित्र्य यावे कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. टेलर व सॅसर यांनी १९७८ मध्ये तंबाखू आणि कापूस यांवरील वाढीच्या कसोटीने या जातीचे चार गट केले, त्यांपैकी तिसरा व चौथा कापसावर वाढणारे. पुढे २००८ मध्ये तिचा जनुकसंच उलगडला. त्यात एकाच जनुकाच्या परस्परांहून बऱ्याच भिन्न प्रती आढळल्या, आणि दूरच्या काळी झालेल्या संकराचा तो पुरावा मानला जातो. ब्राझीलमधील नमुन्यांवरून २०२० मध्ये तर असे दिसले की, हे चार गट कुळांच्या वंशवृक्षाशी जुळतच नाहीत. एखाद्या पिकावर जगण्याचे सामर्थ्य निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे आले आणि गेले. सबब, केवळ गटाचा क्रमांक पाहून वाण निवडणे सुरक्षित नव्हे.

कापसाच्या बाजूची हकीकत मात्र उत्साहवर्धक आहे. शेफर्ड यांनी दोन मध्यम प्रतिकाराच्या कापसांचा, म्हणजे क्लीव्हविल्ट व मेक्सिकोतील एका रानटी वाणाचा, संकर करून १९७४ मध्ये ऑबर्न ६२३ हा वाण जाहीर केला, आणि तो दोन्ही जनकांहून कितीतरी समर्थ ठरला. या सामर्थ्याची मुख्य सूत्रे अकराव्या व चौदाव्या गुणसूत्रांवर आहेत: पहिले गाठींना आवर घालते, दुसरे अंड्यांना. दोन निराळ्या टप्प्यांवर घातलेला हा अडसर मला या साऱ्या प्रयत्नातील सर्वांत दूरदर्शी गोष्ट वाटते. बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि २०१७ मध्ये विदर्भाच्या शेतांत गुलाबी बोंडअळीने किती हाहाकार केला, हे ज्यांनी पाहिले त्यांना एकाच धर्तीच्या संरक्षणावर सर्वत्र विसंबण्याचा धोका वेगळा सांगावा लागणार नाही.

आपल्या भारी काळ्या जमिनीत मूळगाठीच्या कृमीपेक्षा वृक्काकार सूत्रकृमीचा अंमल अधिक असतो. तो गाठी करीत नाही, आणि म्हणून खुरटलेल्या पऱ्हाटीचा दोष पाण्याच्या वा खताच्या माथी मारला जातो. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातील बहुतेक क्षेत्र व्यापणाऱ्या देशी कापसाच्या, गॉसिपियम आर्बोरियमच्या, काही नमुन्यांत या कृमीस प्रतिकार आढळला आहे. मात्र त्याची गुणसूत्रे २६ आणि अमेरिकन कापसाची ५२ असल्यामुळे तो गुण संकराने उतरविणे कष्टाचे आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने, जी १९७६ मध्ये स्थापन झाली, देशी वाणांचा संग्रह जपावा एवढ्याने भागणार नाही. कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांतील मातीत कोणता कृमी कोणत्या वंशाचा आहे, याची नोंदही त्याच दफ्तरात यावयास हवी. तोवर फेरपालट हाच उपाय शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि तोही डोळसपणे करावा लागतो, कारण कापसाच्या ओळींत हौसेने पेरली जाणारी तूर वृक्काकार कृमीला तितकीच मानवते, तर ज्वारीच्या व भुईमुगाच्या मुळांवर त्याचे फारसे भागत नाही.